वाहरूभाऊ आणि दोन खोटी रीडिंगं

समारंभाचे अध्यक्ष, माझे मार्गदर्शक आणि निवृत्त विभागप्रमुख हेमकांत सर, प्राचार्य महोदया, आजचे सत्कारमूर्ती, आमच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे परिचर वाहरूभाऊ, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या जसोदावहिनी आणि जमलेल्या सर्व सुहृदांनो,

मी रूथ गावित, नवापूरकडची. लोणखेड्याच्या या कॉलेजात रसायनशास्त्र मी वाहरूभाऊंकडून शिकले असं म्हटलं, तर सर रागावणार नाहीत ना? सर हसताहेत, म्हणजे परवानगी आहे.

माझा पीएच.डी.चा विषय बिस्फेनॉलपासून असंतृप्त पॉलिएस्टर, म्हणजे एक प्रकारची राळ. फ्लास्कमध्ये बिस्फेनॉलचं डायोल आणि मॅलेइक अनहायड्राइड, वरून नायट्रोजन, खाली दोनशे अंशांची आच. पाणी थेंबथेंब बाहेर पडतं, साखळी वाढत जाते. दर अर्ध्या तासाला नमुना काढून अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या आम्लाचा आकडा, पाहायची आणि वेळेवर थांबायचं. चुकलं की आत रबर होतं, फ्लास्क फोडावा लागतो. वाहरूभाऊ काचकांडीने तार ओढून बघायचे आणि म्हणायचे, "बस, व्हई गयं!" आकडा नंतर यायचा, आणि तोच यायचा. काय दिवस होते ते!

२०११चा डिसेंबर. भाऊ शेजारच्या खोलीत प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलला अडकलेले. मी नाताळच्या गाण्यांच्या सरावाला पळाले. दीड तासाने येऊन पाहते तर ढवळणी अडकलेली, फ्लास्कमध्ये रबर. घाबरून मी वहीत घ्यायची राहिलेली दोन रीडिंगं मनानेच लिहिली.

सर म्हणाले, "रीडिंगं तर बरोबर आहेत. मग झालं कसं?" तेवढ्यात भाऊ पुढे झाले, "सर, हीटरनं बटन मीच वाढाई दिन्हं."

शिक्षा म्हणून भाऊंची बदली ग्रंथालयात झाली. ज्यांचे हात राळेची तार ओळखायचे, त्यांनी सहा वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकली. जाताना दारात मला म्हणाले, "मन्ही नोकरी पक्की शे, बईन. तुन्हं काम अजून कच्चं शे. रडू नको." पुढे मी इथेच शिकवू लागले, विभागप्रमुख झाले, त्यांना परत आणलं. लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं! तेही मी ऐकून घेतलं. लाज वाटते.

नाही भाऊ, हात हलवून मला थांबवू नका. आज नाही बोलले तर कधी बोलणार?

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. शब्द कुठे कमी-जास्त पडला असेल, तर सभागृहाने पोटात घालावा. त्या दोन आकड्यांबद्दल मात्र माफी मागण्याचा मला हक्क नाही. सर, बटनाला यांनी हातही लावला नव्हता. आता तुम्ही यांना शाल पांघराल, तेव्हा वहिनींना ऐकू जाईल असं एकदा म्हणा, "वाहरू, चूक तुझी नव्हती."