करंजखिंडीतला जोतीराम

ऐका गं पोरींनो. शेंगा फोडता फोडता ऐका, हात थांबवू नका. लाइट काय आता येत न्हाय. आन् आली तरी मधनंच कुनी उठायचं न्हाय. अर्धी गोष्ट ऐकून एकटीनं अंगनातनं जायची हिंमत हाय का कुनाची? न्हाय ना? मंग सरकून बसा.

माझी सासू कोंडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हनायचे, गाव कोंडामावशी म्हनायचं. सुईन व्हत्या. तवा दवाखाना लांब, गाडी न्हाय, घोडं न्हाय. आपल्या आसपासच्या वाड्यांतली निम्मी मानसं त्यांच्याच हातावर जगात आलेली.

थंडीचे दिवस व्हते. दिवेलागनीला एक धनगर दारात येऊन उभा ऱ्हायला. मेंढरं मागं, कुत्रं पुढं. म्हनला, "मावशे, दरेवाडीच्या बंडाची बायको अडलीया. सकाळधरनं कळा देतीया, पन पोर खाली येईना. बंडा तिला सोडून कसा येनार? सांगावा माझ्याजवळ धाडलाय. लगोलग ये म्हनलाय."

आता हे बंडाच्या बायकोचं तिसरं बाळंतपन. आधीची दोन्ही गेलेली. ह्या खेपंला बाईबी हाताला लागती का न्हाय, असं झालेलं.

आत्याबाईंनी बोचकं बांधलं. त्यात विळा, दोरा, जुनेर. कंदील घेतला. मामंजी तापानं फनफनलेले, तरी गोधडीतनं वरडले, "गाडीवाटेनं जा! खिंडीतनं जाऊ नको!"

आता दरेवाडीला दोन वाटा, म्हाईत हाय तुम्हाला. गाडीवाट ओढ्याकडनं वळसा मारून जाती. करंजखिंडीतनं गेलं की झटक्यात गाव. पन अंधार पडला की खिंडीतनं कुनी जायचं न्हाय. का जायचं न्हाय? कुनी नीट सांगायचं न्हाय. नुसती मान हलवायचे.

आत्याबाई फाट्यावर थांबल्या. गाडीवाटेकडं बघितलं. खिंडीकडं बघितलं. मनात म्हनल्या, तिकडं बाई तळमळतीया, हितं मी भुताला भिऊन वळसा घालू? वळल्या की खिंडीकडं!

चढ लागला. दोन्ही बाजूला करंजाची झाडं. वारं न्हाय, पान हलत न्हाय. आन् कंदील इझला. वाऱ्याबिगर इझला! कुनीतरी फुंकर मारावी तसा. आत्याबाईंनी काडी वढली, लावला. परत फुस्स! मंग त्यांनी नाद सोडला. चांदन्याच्या उजेडात चालायला लागल्या.

थोडं गेल्यावर मागनं आवाज. खाड्. खाड्. खाड्. नालाच्या बुटाचा. आपल्याकडं कुनाच्या पायात तसला बूट? ह्या थांबल्या की त्यो थांबतो. ह्या निघाल्या की खाड्, खाड्. आत्याबाईंनी पदर कानावरनं घट्ट घेतला, पन मागं बघितलं न्हाय. बघायचं नसतं.

मंग हाक आली. "कोंडामावशेऽऽ!" शेजारच्या पारूचा आवाज! पारू कशाला येती ह्या वक्ताला? ओ दिली न्हाय. परत हाक आली, आता मामंजींच्या आवाजात. "अगं थांब की!" मामंजी तर घरी गोधडीत! पाय उचलत व्हत्या, पन वाट सरंना. एक पांढरा धोंडा मागं टाकावा, वळनावर फिरून त्योच धोंडा पुढं! तीच वाट, तेच झाड. चालून चालून हितंच.

आन् मंग, ऐका, मंग लेकरू रडायला लागलं.

व्हय. आत्ता जलमलेलं लेकरू रडतं न्हाय का, तसं. ट्यां, ट्यां. डाव्या अंगाला, करंजाच्या मागं. आता सुईनीचा जीव त्यो! हाकंला फसली न्हाय ती बाई, पन लेकराच्या रडन्याला फसली. वाट सोडली, झाडात शिरली. "आले रं बाळा, आले," म्हनत दोन्ही हात पुढं करून निघाली. रडनं जवळ आलं. अजून एक पाऊल, आन् पायाखालचा दगुड निसटला. गेला! कुटं पडला त्याचा आवाजच आला न्हाय. पुढं दरी! आत्याबाईंनी करंजाची फांदी धरली म्हनून वाचल्या. तशाच लोंबत मागं सरकल्या, वाटंवर येऊन मटकन् बसल्या.

रडनं थांबलं. समोर कोन उभं?

शिपाई. पलटनीतला शिपाई. अंगात खाकी, डोक्याला काय न्हाय. तोंडावर मिसरूड नुसतं फुटलेलं. अंधारात दिसू नये एवढा सोच्छ दिसत व्हता. उजव्या कानाची पाळी दुमडलेली.

ती पाळी बघितली आन् आत्याबाईंचं भ्याच पळालं. ती पाळी त्यांनी त्याच्या आईच्या आधी बघितली व्हती.

"जोत्या?" त्या म्हनल्या. "साळूचा जोत्या न्हवं तू?"

कोन जोतीराम? सांगते. ह्या बंडाचा थोरला भाऊ. साळूबाईचा पहिला लेक. पलटनीत भरती झाला, आन् पासष्टच्या लढाईत तिकडं पंजाबाकडं गेला तो गेलाच. तार आली. अंगावरची चिंधीबी आली न्हाय. साळूबाई रोज सांजंला गावाच्या कडंला येऊन खिंडीकडं बघत उभी ऱ्हायची. बघून बघून मेली. त्यालाबी लई वर्सं झाली व्हती. बंडा तवा लहान, त्याला भावाचं तोंडबी धड आठवंना. नाव घेनारं कुनी ऱ्हायलं न्हवतं.

तर त्यो पोरगा समोर उभा. म्हनला, "वळखलंस, मावशे. कुनीच वळखत न्हाय. हाक मारली की पळत्यात."

"आन् मला दरीत ढकलाय निघालास व्हय रं?"

"ढकलाय न्हाय गं. हाकंला तू वळंना. लेकराला वळशील म्हनून रडलो." खाली बघाय लागला. "मला घरी न्हे. मी रोज हितवर येतो. हितनं पुढं गावच दिसत न्हाय. नुसता काळोख. तू आमच्याच गावाला चाललीस न्हवं? मी तुझ्या मागनं मागनं येतो."

आत्याबाईंना हुंदका फुटला. त्यांना कळलं, ह्याला कुनी सांगितलंच न्हाय. आपल्या मानसानं मातीबी टाकली न्हाय, पानीबी पाजलं न्हाय. ह्याला कुठनं कळनार?

"जोत्या," त्या म्हनल्या, "बाळा, तू मेलास रं. लढाईत. तार आली व्हती."

त्यानं अंगावरची खाकी चाचपून बघितली. मंग म्हनला, "आईला सांगितलं का?"

"तीबी गेली, बाळा."

"मंग घरी कोन हाय?"

"बंडा हाय. त्याची बायको अडलीया. तिच्याकडंच निघाले मी."

"बंडा?" असं म्हनून हसला त्यो. खरंच हसला. "मी निघालो तवा खांद्यावरनं उतरत न्हवता गं. त्याला बायको?" आन् एकदम पुढं आला. "मला येऊ दे मावशे. नुसता उंबऱ्यात बसतो. पोर बघतो आन् जातो."

पोरींनो, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. आईबिगर, मातीबिगर, वर्सानुवर्सं खिंडीत उभं असलेलं पोर. उंबऱ्यात बसतो म्हनतंय. पन बाळंतिनीच्या उंबऱ्यात मेलेला आला, तर लेकराचा श्वास घेतल्याबिगर जात न्हाय. त्याच्या मनात नसलं तरी जातो घेऊन. आधीच दोन गेलेली.

आत्याबाईंनी बोचक्यातनं विळा काढला. लोखंड ते. वाटंवर आडवा ठेवला, दोघांच्या मधी.

"न्हाय, जोत्या," त्या म्हनल्या. "ह्याच हातांनी तुला जगात आनलं. ह्याच हातांनी अडवते. घरी यायचं न्हाय."

त्यो विळ्याकडं बघत ऱ्हायला. वरडला न्हाय, अंगावर आला न्हाय. एवढंच म्हनला, "पोर झालं तर सांगशील?"

"सांगन."

आत्याबाई उठल्या. पाठ फिरवून चालाय लागल्या. ह्या खेपंला धोंडा मागं पडला आन् मागंच ऱ्हायला. खालती दरेवाडीचे दिवे दिसले. मागनं बूट वाजतील म्हनून कान टवकारले व्हते. न्हाय वाजले. सांगायच्या आम्हाला, "ते वाजले न्हाइत ना, त्याचंच जास्ती रडू आलं."

घरी पोचल्या तर बाई गळपटलेली. पोर आडवं! पोटावरनं चोळून चोळून, बाहेरनं हात फिरवून ते वळवलं. बंडाच्या घरचाच विळा तापवून नाळ कापली. पोरगी झाली. आधी रडंना. आत्याबाईंनी पाय धरून उलटी केली, पाठीवर चापट दिली, तवा रडली. असली रडली की बाहेर बंडा भिंतीला टेकून खाली बसला.

उजाडल्यावर आत्याबाई खिंडीतनंच परतल्या. विळा तिथंच पडलेला, दवानं वला झालेला. त्यांनी उभं ऱ्हाऊन मोठ्यानं सांगितलं, "जोत्या रं! पोरगी झाली! दोघी खुशाल हाइत!" करंजाची पानं तेवढी पडत व्हती. थांबल्या वाईच, आन् विळा उचलून आल्या घरी.

बंडाला समदं सांगितलं तवा त्यो गडी अडून बसला. "माझा भाऊ हाय. मी आनतो त्याला." कुनाचं ऐकलं न्हाय. आवसंच्या रात्री एकटा खिंडीत जाऊन बसला. "दादा, मी बंडा! दादा!" रातभर हाका मारल्या. काय आलं न्हाय. बूट वाजला न्हाय, कंदील इझला न्हाय. सकाळी लाल डोळ्यांनी परत आला.

आत्याबाई म्हनल्या, "कसा येईल? त्याचा बंडा खांद्यावर बसतो. ह्या मिशावाल्याला त्यो कशाला वळखील?"

त्याच्यावर बंडानं पंजाबाकडं तोंड करून पानी सोडलं, पिंड घातला. पन खिंड काय सुटली न्हाय. परवाच एका फटफटीवाल्याचा दिवा तिथं गेला. म्हनला, लेकरू रडत व्हतं.

आत्याबाई परत कवा त्या वाटंनं रात्रीच्या गेल्या न्हाइत. मी एकदा इचारलं, "भ्या वाटतं व्हय?" तर म्हनल्या, "त्यो काय मारत न्हाय गं. घरी न्हे म्हनतो. एकदा ‘न्हाय’ म्हनले मी, ते पोटातल्या लेकरासाठी. दुसऱ्यांदा माझ्या तोंडातनं ‘न्हाय’ निघायचं न्हाय."

तवा ध्यानात ठेवा. अंधार पडल्यावर करंजखिंडीत पाय टाकायचा न्हाय. कितीबी घाई असू दे. लेकरू रडलं, कुनी हाक मारली, तरी वाट सोडायची न्हाय. तुमचं काळीज आत्याबाईंएवढं घट्ट न्हाय. तुम्ही त्याला घेऊन याल घरी.