पहिल्या भागातलं गेट

परळच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तुळसाबाईंच्या पुढे कॉलेजातली दोघं मोबाईलवर एकच ट्रेलर पुन्हा पुन्हा लावत होती आणि दर खेपेला नव्याने चिडत होती.

"बघ ना ऋता, गिरणीच्या जागी टॉवर! वाट लावली यार पार्ट टूची."

"पहिल्यात कामगार संप जिंकतात ना रे? गेट उघडतं, सगळे नाचत आत धावतात. त्या सीनला अजून काटा येतो माझ्या अंगावर."

"तेच तर! जिंकलेला संप हरवून टाकला. फॅन्सना काय येडं समजतात?"

"कमेंट टाक. ओरिजिनलची इज्जत ठेवा म्हणावं."

तुळसाबाईंना गप्प बसवेना.

"त्या गेटच्या सीनमध्ये आमचे हे होते."

"काय सांगता आजी! अ‍ॅक्टर?"

"कसले अ‍ॅक्टर! त्याच गिरणीत माग चालवायचे. संप चालू असताना मालकाने गिरणी शूटिंगला दिली. गर्दीला आमचीच माणसं घेतली, जेवणावर."

"खरे कामगार? भारी! मग?"

"मग गेट उघडलं. बाकीचे कॅमेऱ्यापर्यंत धावून थांबले. हे थेट आपल्या मागापाशी गेले आणि धूळ पुसायला लागले."

"हे पिक्चरमध्ये नाहीये पण."

"कसं असेल? वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं. गेट परत लावलं. डायरेक्टर म्हणाला, आनंद कमी दिसला, पुन्हा धावा."

"मग? धावले?"

"धावले तर. तुझ्या अंगावर काटा येतो ना, बाय, ते ह्यांचं दुसऱ्यांदा धावणं."