पायावरचं पानी

आमी मूलचे उरनकडचे, मिठागरावरचे. माजा बापूस आगरात मीठ ओढायचा आन् मी बारकी असताना त्याच्या मागं मागं फिरायची. पान्यात आभाल उतरलेलं असायचं, वर ढग, खाली ढग, मधी आमी दोघं, मना वाटायचं का असंच चालत चालत देवाच्या घरी पोचू. बापूस बोलायचा, हिरा, खाली बघ, पाय कापंल. मंग लगीन करून हिकडं पनवेलच्या ओव्याला आली, आन् आता ओवा गाव कुठं हाय ते मनाच शोधाया लागतं, चारी बाजूला बिल्डिंगा.

येशूकडं कशी आली ते सांगते. मालक आजारी व्हते, दवाखान्यात एक ख्रिस्ती नर्सबाय व्हती, ती त्यांचं सगलं करायची, नाक न मुरडता. मी विचारलं, बाय, तुना घान नाय वाटत? बोलली, वाटते ना, पन ह्यांच्यात मी माज्या प्रभूला बघते. मालक गेले, तिचं बोलनं मातर माज्याजवल राह्यलं. तवापासून सकाली पेजेचा टोप घेऊन नाक्यावर जाते, बिगारी लोक कामाची वाट बघत उभे असतात त्यांना वाटते. भावकी बोलते हिराकाकी येडी झाली. झाली तर झाली. पेज सोपी हाय वो. कोनी मारलं तरी आपून मारायचं नाय असं येशू सांगतो, ते कठीन, कारन मी मुलखाची तापट, मालकांना लाटनं दाखवलेली बाय मी.

तर काय सांगू तुमाला, एक दिवस दुपारची मी दारात सुकट निवडत बसली व्हती. गलका ऐकला. एक बाय पलत येत व्हती, खांद्याला गोनी, मागं सगला गाव. मोबाईलवर आलं व्हतं ना, पोरं पलवनाऱ्या बायका फिरतात म्हनून, आन् हिनं कोनाच्या तरी पोराला बिस्कीट दिलं व्हतं. तेवढंच. ती माज्या अंगनात येऊन पडली. सगल्यांच्या पुढं माजा पुतन्या जयेश, हातात दांडका. त्याची आय गेली तवापासून मीच वाडवला त्याला.

मना कायच सुचंना. हातात दांडका घ्यायचा नाय, आन् नाय घेतला तर तिला मारतात. तिथं पान्याचा तांब्या व्हता, तो उचलला आन् तिच्या पायावर पानी घातलं. आमच्यात पावन्याच्या पायावर पानी घातलं का तो घरचा झाला, त्याला कोन हात लावत नाय. मी पाय धुवाया बसली आन् मागचे लोक खरंच थांबले, कारन समद्यांना ठाव हाय. पन जयेशचा दांडका आधीच सुटला व्हता, तो माज्या मनगटावर बसला. सगलं पांढरं झालं, मिठागरासारखं, आवाज नाय, कायच नाय, नुसता उजेड. मना भीती नाय वाटली. जयेशचं तोंड दिसलं तवा वाटली, बारक्या पोरागत झालं व्हतं.

पोलीस आले. कोनी मारलं विचारलं. मी बोलली, मना ठाव हाय, खोटं बोलनार नाय, आन् नावबी सांगनार नाय. साहेब कपालाला हात लावून बसला. जयेशला आत टाकून माजं मनगट सरल व्हनार हाय का?

ती बाय झारखंडची निघाली, फुलमती नाव. कामाला आनलेली, ठेकेदारानं सोडून दिलेली. जायाला जागा नाय, मंग माज्याकडंच राह्यली. माजं मनगट वाकडं बसलं, भाकरी थापता येत नाय, ती थापते. जरा जाड थापते, पन थापते.

जयेश लय दिवस दाराशी फिरकला नाय. मी रोज प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची, रागानं घ्यायची, पन घ्यायची. मंग एक दिवस आला, ओटीवर बसला, मान खाली, बोलला काकी, भूक लागली. मी ताट वाढलं. आता रोज दुपारी येतो. आत फुलमती थापते, बाहेर हा जेवतो, मधी मी उंबऱ्यावर. भाकरी कोनाच्या हातची ते त्यानं विचारलं नाय, मीबी सांगितलं नाय. काल मातर आत तोंड करून बोलला, ताई, आजून एक दे. मी उठली नाय. तिनंच आनून वाढली. प्रभू दोघांचं भलं करो.