पान सत्तेचाळीसची दुरुस्ती

आजच्या या सत्कार सभेचे अध्यक्ष आणि गेली वीस वर्षं आपल्या वाचनालयाची धुरा वाहणारे आदरणीय वामनराव, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या वाचनालयाच्या कार्यवाह संगीताताई, हा सगळा घाट ज्यानं घातला तो माझा वर्गमित्र रामराव, समोर बसलेले दिग्रसचे जाणते वाचक, आमच्या वर्गातले टक्कल पडलेले आणि केस पिकलेले सगळे विद्यार्थी, पहिल्या रांगेतली माझी पत्नी शोभा, आणि तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसलेली, आर्णीजवळच्या तांड्यावरून मी मुद्दाम बोलावलेली कुमारी उर्वशी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

वामनराव माझ्याबद्दल बोलत होते तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. काहींना तो विनय वाटला असेल. विनय कसला डोंबलाचा! शाल काढून खुर्चीवर ठेवली आहे, त्याचा राग मानू नका. माझं बोलणं झाल्यावर ती परत पांघरावी असं वाटलं तर तुम्हीच सांगा.

पुस्तक लिहिलं ते वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. नोकरीत जन्मभर टिपण्या लिहिल्या, रिटायर झाल्यावर शाळेच्या आठवणी लिहिल्या. साहित्यात त्यांची जागा कोणती ते मला विचारू नका, पण या पुस्तकानं मला माझी माणसं परत दिली. यवतमाळ, पुसद, आर्णी, जिथं जिथं सह्यांचं टेबल मांडलं तिथं कोणीतरी जुना सोबती रांगेत उभा. ज्यांना पन्नास वर्षांत मी साधं पोस्टकार्ड टाकलं नव्हतं, ते येऊन विचारत होते, ‘ओळखलं काय बे?’

यवतमाळला हा रामराव आला. पुस्तक पुढं करायचं सोडून म्हणतो, ‘पह्यले माझं नाव सांग, मंग सही घेतो.’ मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पण नाव काही आठवेना. शेवटी यानं भर दुकानात पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पोटरीवरची कुत्रं चावल्याची खूण दाखवली! हसतोस काय रामराव, खोटं सांगतो का मी? तिथंच आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो आणि मागची रांग खोळंबली. त्या दिवशी घरी आल्यावर मी शोभाला म्हटलं, पुस्तक लिहिल्याचं सार्थक झालं.

आता आर्णीचं सांगतो. तेवढ्यासाठीच आज उभा राहिलोय, नाहीतर तब्येतीचं कारण सांगून घरीच बसलो असतो.

त्याआधी पान सत्तेचाळीस. आताच संगीताताईंनी ज्याचा ‘हृद्य’ म्हणून उल्लेख केला, ते नकाशाचं प्रकरण तिथं सुरू होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सातवीत आमच्या वर्गात डोंगरसिंग नावाचा मुलगा होता. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, वसतिगृहात राहायचा. शाळेत नवा नकाशासंग्रह आला. डोंगरसिंगचे आजोबा बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले, त्यांच्या वाटा बघायची त्याला ओढ, म्हणून त्यानं त्यातला एक नकाशा फाडला. मित्राला वाचवायला दोष मी अंगावर घेतला, छड्या खाल्ल्या. पुढं घरच्या अडचणीमुळे त्याची शाळा सुटली. असं मी लिहिलं आहे. लोकांनी पत्रं पाठवली. एकानं तर लिहिलं, तांड्याचं दुःख इतक्या मायेनं कोणी मांडलं नाही.

मंडळी, नकाशा मी फाडला होता.

नकाशा काढायची स्पर्धा होती आणि माझा हात बेताचा. पुस्तकांच्या कपाटाची चावी डोंगरसिंगकडे असायची, कारण गुरुजींचा वर्गात सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर होता. मी त्याच्याकडे तासाभरासाठी चावी मागितली. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, काहून पाहिजे म्हणून. मी ब्लेडनं पान कापलं, घरी खिडकीच्या काचेवर धरून गिरवलं. दोन दिवसांनी चोरी उघडकीला आली. हेडमास्तरांनी विचारलं, चावी कोणाकडे होती? डोंगरसिंग उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘माझ्याच हातून झालं, सर.’ सहा छड्या खाल्ल्या त्यानं. मी पहिल्या बाकावर बसून मोजल्या. संध्याकाळी त्याचे वडील आले आणि त्याचं वसतिगृहातून नाव कमी झालं. वळकटी डोक्यावर घेऊन तो फाटकातून बाहेर गेला तेव्हा मी वर्गाच्या खिडकीत उभा होतो. मी हातसुद्धा हलवला नाही. त्याची शाळा तिथंच संपली. आणि त्याच आठवड्यात माझ्या नकाशाला पहिला नंबर मिळाला.

तुम्ही विचाराल, मग उलटं कसं लिहिलं? लिहिताना नाही उलटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी शोभाला ही गोष्ट उलटीच सांगितली होती, तिच्यापुढं चांगलं दिसावं म्हणून. मग अनिकेतला, आमच्या मुलाला, झोपवताना सांगितली. चाळीस वर्षं सांगत आलो. पुस्तकात फक्त छापली. पण मला खरं माहीत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

तर आर्णी. स्टेशनरीच्या दुकानाबाहेर टेबल मांडलं होतं. एक गाडी थांबली. गाडी चालवत होती ही उर्वशी, आणि मागं बसलेला म्हातारा मी रस्त्याच्या पलीकडूनच ओळखला. रामरावाचं नाव आठवत नव्हतं मला, त्याचं मात्र लगेच आठवलं! ‘जय सेवालाल,’ म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

‘नीळ्या, माझं नाव छापलं तू पुस्तकात. या नातीनं सारं वाचून दाखोलं. अर्धा तांडा दारच्या वट्यावर येऊन बसलता.’

मी म्हटलं, ‘हो का.’

‘नकाशाचं आलं त मले म्हणे, आबा, तुमीच फाडलता काय? मी म्हटलं, असन बाई. पुस्तकात छापून आलं हाय. मले त येगळंच याद होतं. पण तो शिकला-सवरला माणूस, आपलीच याद बिघडली असन.’

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं हो! तो खरंच तसं समजून चालला होता. मी काय केलं माहीत आहे? पेन उघडलं आणि लिहिलं, ‘प्रिय मित्र डोंगरसिंग यांस, जुन्या आठवणींसह.’ खाली झोकदार सही केली. मागचा माणूस म्हणाला, ‘सर, आमचंही घ्या,’ आणि मी त्याचं घेतलं. सातवीतला मी पोर होतो असं एकवेळ म्हणता येईल. आर्णीला माझं वय सदुसष्ट होतं.

तीन आठवडे जेवण गोड लागलं नाही. परवा शोभाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अनिकेतला फोन तुम्ही करायचा, मी नाही.’ फोन केला. आणि काल तांड्यावर गेलो. डोंगरसिंग वावरात होता, कापसाची वेचणी चालली होती. धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला कापूस कमरेला बांधलेल्या ओट्यात टाकला.

‘म्हंजे मले बराबर याद होतं म्हणतं?’

‘बरोबर होतं.’

‘मंग मले कायले सांगून राह्यला? पोरीले सांग ना.’

पोरगी कॉलेजात गेली होती. मी म्हटलं, उद्या दिग्रसला सभा आहे, दोघंही या, चारचौघांत सांगतो. तर म्हणाला, ‘मी काय करू येऊन? बाया लागल्या हायेत कामाले. पोरीले धाडतो.’ माफी मागायला मी कपाशीत उतरून वाकलो, तर म्हणे, ‘कपाशी तुडवू नको बे.’

तेव्हा मंडळी, आज सह्या नाहीत. ज्यांच्याकडे पुस्तक असेल त्यांनी टेबलापाशी यावं. पान सत्तेचाळीसवरचं खोटं मी माझ्या हातानं खोडून देईन आणि शेजारी खरं लिहून देईन. पाचशे प्रती गेल्या आहेत. बाकीच्या जिथं असतील तिथं जाईन, एसटीचा पास आहे.

सभेचं आयोजन करणाऱ्यांचे, अध्यक्षांचे, आणि एवढं ऐकूनही उठून न गेलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या, असं शेवटी म्हणायची रीत आहे. बोलण्यातलं सांभाळून घ्या. लिहिण्यातलं नका घेऊ.

आणि उर्वशी, बेटा, तुझ्या आबांनी काही फाडलं नव्हतं. ते पुस्तक घेऊन ये इकडं, पहिली दुरुस्ती त्यात करतो. मग घरी गेलीस की पुन्हा त्याच वट्यावर बस, मागच्या वेळी होते तेवढे सगळे बोलाव, आणि आबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच.