काळी पडलेली चांदी

—अहो, घोडा बांधा आधी! नदी ओलांडायचं नावसुद्धा काढू नका. टपालाची पिशवी बुडाली तर दुसरी येईल, तुम्ही कुठून येणार? वास येत नाही? सडक्या अंड्यांचा — हां, तोच. वर बर्फाखालचा डोंगर पेटलाय. बर्फ वितळतो, पाणी साठतं, आणि एकदा का फुटलं की घराएवढाले बर्फाचे तुकडे घेऊन खाली येतं — कुरणं, मेंढ्या, माणसं, काही म्हणता काही ठेवत नाही. सासूचं माहेर असंच गेलं, चुलीचा दगडसुद्धा सापडला नाही. बसा. कॉफी घ्या.

वाटाड्या? तो माझा नवराच की, ओर्नोल्फ. सकाळीच पलीकडे गेलाय, मेंढ्या आणायला. त्याच्यासारखी नदी कुणाला कळत नाही — असं तोच सांगतो. रात्रीची दारू उतरली नव्हती, पण घोडा शहाणा आहे. हा ओठ? गाईनं लाथ मारली, धार काढताना. काय? हो, गोठा रिकामाच आहे, गाय हिवाळ्यात मेली — तुम्हाला हो कशाला नसत्या चौकशा? कॉफी प्या!

पूर येणार हे मला कसं कळलं? हे बघा, माझ्या लग्नातलं चांदीचं बक्कल. सासू म्हणायची, नदीकडे बघू नकोस पोरी, चांदीकडे बघ. पाण्यातून ती वाफ सुटली की आधी चांदी काळवंडते. काल राखेनं घासून लख्ख केलं होतं, उद्या चर्चला घालायचं म्हणून. आणि पहाटे बघते तर तव्यासारखं काळं! तो तिथं बूट चढवत होता, मी पटकन ॲप्रनखाली — नाही, नंतर. तो गेल्यावर बघितलं. नंतरच. असे काय बघताय? सांगायचं होतं का मी त्याला? त्याच्यासमोर तोंड उघडलं की काय होतं, ते दिसतंय ना या ओठावर!

ऐका — आलं. भांडी वाजतायत बघा. खिडकीपासून सरका, मला बघू द्या — अगं बाई, तो आमचाच घोडा! तो बघा, चढ चढतोय... एकटाच. खोगीर पोटाखाली लोंबतंय.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं हो. मग त्याचा कप का काढतेय मी? देवा रे... चांगला पोहायचा तो.

तुम्ही काही ऐकलं नाहीत, पाहुणे. चांदी मी नंतर बघितली. उठा, जा, घोड्याला आत घ्या, भिजलाय तो — आणि ते बक्कल ठेवा खाली.