शनिवारच्या शिफ्टचा कागद

मी मूळची फलटणची, वैशाली. वडील एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तीस वर्षं, आणि अर्धं गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं, आणि ते दर वेळी हात जोडून सांगायचे, अहो मी डॉक्टर नाही, मी नुसत्या पुड्या बांधतो. तर त्यांनी मला मिरजेला एमबीबीएसला घातलं, मी पास झाले तेव्हा त्या दवाखान्यात पेढे वाटले, आणि वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी मंदारबरोबर न्यूझीलंडला आले. तो सॉफ्टवेअरमध्ये. ऑकलंडला हिल्सबरोमध्ये छोटं घर घेतलं होतं भाड्यानं.

काय सांगू तुम्हाला, विमानात बसले तेव्हा डॉक्टर होते, उतरले तेव्हा कुणीच नव्हते. इथं आपली डिग्री नुसती चालत नाही. आधी इंग्रजीची परीक्षा, मग लेखी, मग प्रॅक्टिकल, मग नोंदणी, आणि तीही कच्ची, म्हणजे ठरलेल्या एकाच हॉस्पिटलात, वरच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचं. चार वर्षं गेली माझी त्यात. तोवर ओटाहुहूला एका वृद्धाश्रमात आज्यांना आंघोळी घालत होते. प्रॅक्टिकलला एकदा नापास झाले, तिथं पेशंटचं सोंग घेऊन माणूस बसवलेला असतो, त्याला मी सांगतच सुटले, विचारलं काहीच नाही. मंदार म्हणाला, पुरे कर आता, दुसरं काहीतरी शीक. मी म्हटलं, दुसरं काहीही शिकणार नाही. पुढच्या वेळी विचारत बसले, पास झाले.

हॉस्पिटलात नोकरी मिळाली ती पामर्स्टन नॉर्थच्या बाजूला. आमची मुलगी सई तेव्हा तीन वर्षांची. मंदारनं ऑफिसला विचारून घरून काम मागून घेतलं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. कच्ची नोंदणी असताना तासाभरावरच्या एका गावातल्या क्लिनिकनं विचारलं होतं, शनिवारी येशील का, आमच्याकडे डॉक्टर टिकत नाहीत. मी तिथल्या तिथं नाही म्हटलं. म्हटलं, माझ्या नोंदणीत तुमचं नाव नाही, मी तिथं पेशंटला हात लावला तर ते चोरून डॉक्टरकी केल्यासारखंच. एवढी मी नियमाची. पुढं नोंदणी पक्की झाली, हॉस्पिटलात मला रजिस्ट्रार केलं, म्हणजे डॉक्टरांतली एक पायरी वर, मग परत त्या क्लिनिकचा फोन आला. शॅरन म्हणून मॅनेजर होती. मी तिला विचारलं बरं का, मुद्दाम विचारलं, की काही झालं तर इन्शुरन्सचं काय? ती म्हणाली, ऑल गुड, यू आर कव्हर्ड. आणि मी, जिनं चार वर्षं कागदावर कागद भरले होते, मी म्हटलं, स्वीट अॅज, म्हणजे इथल्या बोलीत झकास. कागद मागितलाच नाही. चूक तिथं झाली. ती माझी, शॅरनची नाही, हे आधी लिहून घ्या.

दर दुसऱ्या शनिवारी जायचे. गाव चांगलं, माणसं चांगली. एका शनिवारी दुपारी विरेमू म्हणून एक गृहस्थ आले, साठीतले, शाळेतून रिटायर झालेले, पण मुलांना गाणं शिकवायला अजून जायचे, गिटार घेऊन. काचेची बरणी फुटून डाव्या हाताला, करंगळीशेजारच्या बोटाला कापलं होतं. बाहेर वीसेक माणसं बसलेली. मी जखम धुतली, बोटं हलवायला सांगितली, त्यांनी हलवली, टाके घातले, पट्टी बांधली. ते माओरीत आभार मानून म्हणाले, किया ओरा डॉक्टर, आणि गेले.

आता बोट वाकवणारी एक दोरीसारखी शीर असते, टेंडन. ती अर्धी कापली असली तरी बोट हलतं. म्हणून नुसतं हलवून चालत नाही, आपल्या बोटानं अडवून जोर लावायला सांगायचं असतं, मग कळतं. विरेमूंची अर्धी कापलेली होती, ती तीन आठवड्यांनी तुटली. बोट वाकेना. ऑपरेशन झालं, तरी पुरतं वाकेना. आणि दोन महिन्यांनी तक्रारीचं पत्र आलं माझ्या नावानं.

इथं बरं आहे तसं, उपचारात इजा झाली तर पेशंटला भरपाई सरकारकडून मिळते, डॉक्टरला त्यासाठी कोर्टात ओढत नाहीत. पण तक्रारीची चौकशी होते, उत्तर द्यावं लागतं, आणि लायसन्सवर येऊ शकतं. त्या उत्तराला वकील देतो तो इन्शुरन्स. मी शॅरनला फोन केला. ती म्हणाली, आमचा विमा क्लिनिकचा आणि इथल्या नोकरांचा, तू कंत्राटावर, तू त्यात येत नाहीस. हॉस्पिटलला विचारलं, ते म्हणाले, आमच्या ड्यूटीपुरतंच आमचं संरक्षण. मग मी स्वतःचा विमा काढायला गेले, ते म्हणाले, आजपासून पुढचं बघू, मागचं नाही. खुर्चीत बसून राहिले मी. सई म्हणाली, मम्मी, आर यू सिक? मी म्हटलं, नाही बाळा, विचार करतेय.

आणि विचार काय होता सांगू? मी जोर लावून तपासलं होतं का, हे मला आठवतच नव्हतं. एरवी मी तपासते. त्या दिवशी लिहिलेलं नव्हतं. शॅरनच म्हणाली, अगं तपासलंच असशील, तसं लिही की, कोण बघायला होतं. मंदारही म्हणाला, तू कधी विसरत नाहीस, लिहून टाक. मी म्हटलं, मला आठवत नाही ते मी आठवतंय म्हणून लिहिणार नाही. तो चिडला, म्हणाला, चार वर्षं वाया घालवायचीत का? मी म्हटलं, लायसन्स गेलं तर परत पहिल्यापासून परीक्षा देईन, पण हे लिहिणार नाही.

उत्तराची चार पानं लिहिली. आमच्या डिपार्टमेंटच्या मोठ्या डॉक्टर मार्गरेट, त्यांना दाखवली. त्यांनी गर्दी, थकवा, मॅनेजर, सगळं खोडलं. एक पान उरलं. नोंदीत नाही, मला आठवत नाही, हे व्हायला नको होतं, मला माफ करा. तेच पाठवलं.

आठ महिने निकाल नाही. मधे प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट, ज्याच्याशिवाय पेशंट बघता येत नाही, ते दरवर्षीप्रमाणे नवीन करायची वेळ आली, फॉर्मवर प्रश्न, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे का? हो लिहिलं. खुलासा मागवला, दिला, सर्टिफिकेट तीन आठवडे उशिरा आलं. ते तीन आठवडे मी हॉस्पिटलात नुसते कागद लावत होते. शेवटी निकाल आला, तपासणीची नोंद अपुरी, हाताच्या जखमांचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं, पुढची कारवाई नाही.

विरेमूंनी भेटायला होकार दिला, बायकोला घेऊन आले. मी म्हटलं, मी चुकले. ते म्हणाले, बोटाचा राग कमी होता, मी क्लिनिकला फोन केला तेव्हा ते म्हणाले, ती डॉक्टर आमची नाही. मग म्हटलं, ती कुणाची, हे शोधायला तक्रार केली. हे ऐकून मात्र मला रडू आवरेना. त्यांच्या बायकोनं पाण्याचा ग्लास पुढं केला. ते बोट आजही पुरतं वाकत नाही, आणि ते माझ्या हातून झालंय.

सोडलं नाही मी. मंदार म्हणाला होता, शनिवार बंद कर. मी आधी स्वतःचा विमा काढला, मग दुसऱ्या गावी शनिवार घेतला, करार वाचून. आता आपल्याकडच्या नव्या मुली-मुलगे फोन करतात, त्यांना मी तीनच गोष्टी विचारते, नोंदणीत ही जागा बसते का, विमा कुणाच्या नावावर, आणि कागद कुठाय. तोंडी ऑल गुड आलं की फोन ठेवून मेल करायला लावते.

परवा नांदेडची केतकी, नुकतीच नोंदणी पक्की झालेली, तिला असंच शनिवारचं काम आलं. मी सांगितलं, कागद येईस्तोवर नाही म्हण. ती घाबरली, ताई, दुसऱ्या कुणाला देतील. देऊ देत म्हटलं. दोन आठवडे बिचारी थांबली. आज सकाळी क्लिनिकची मेल पुढं पाठवली तिनं, विम्याचं तिच्या नावासकट सगळं लिहिलेलं. मी दोनदा वाचली. म्हटलं, आता जा बाळा, निर्धास्त जा, आणि हाताला कापून कुणी आला तर बोट अडवून बघ. आणि बघितलंस की लिही.