बिल्ला नंबर २१७ आणि माझ्या नावावरचा खोटा कोड

माझे नाव व राहण्याचा पत्ता वरच्या रकान्यांत लिहिला आहे. वय ४४ वर्षे, काम रुग्णालयाच्या नोंदणी विभागात कोडिंगचे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी अकरा वर्षे डॉक्टरांचे कागद वाचून दुखापतीला व तिच्या कारणाला ठरलेला कोड देते. वाहनाची धडक सार्वजनिक रस्त्यावर बसली की रस्त्याबाहेर, म्हणजे कारखान्यात, गोदामात, यासाठी वेगवेगळे कोड आहेत. मी मनाचे काही लिहीत नाही.

सोमवारी सकाळी सव्वादहाला एका हमालाची फाइल आली. वय ३१. शनिवारी दुपारी मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टने, म्हणजे माल उचलण्याच्या गाडीने, त्याला भिंतीशी चिरडले. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांनी "कारखान्याच्या आवारात" असे स्पष्ट लिहिले होते. मी आवाराचा कोड दिला.

बाराच्या सुमारास आमचे विभागप्रमुख माझ्या टेबलाशी आले. सोबत कारखान्याचे मॅनेजर होते. त्यांचे आमच्या विभागात काय काम होते, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की, हमाल जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडला आणि रस्त्यावर अनोळखी गाडीने त्याला उडवले. विभागप्रमुख म्हणाले, "ताई, एक कोड तर बदलायचाय. कोणाचं काय जातंय?" मी म्हणाले, "त्याचा पाय गेलाय, साहेब." मी नकार दिला. मला राग आला होता, तो अजून उतरलेला नाही.

एक वाजता मी वॉर्डात गेले. अकरा वर्षांत फाइलमधला माणूस बघायला मी पहिल्यांदाच गेले. हमाल शुद्धीवर होता. म्हणाला, "बाई, मी गेटबाहेर पडलोच नाही. त्या गाडीचा मागे येतानाचा भोंगा महिनाभर बंद आहे. सांगून सांगून तोंड दुखलं."

त्याच्या बायकोने पिशवीतून पितळी बिल्ला काढला, नंबर २१७. आत जाताना गेटवर बिल्ला घ्यायचा आणि बाहेर पडताना परत खिळ्याला टांगायचा, अशी तिथली पद्धत आहे. बाहेर पडलेल्या माणसाच्या खिशात बिल्ला सापडत नाही. भरती करताना नर्सने सामानाच्या यादीत तो लिहिला आहे. यादीची प्रत सोबत देत आहे. मॅनेजरने बिल्ला मागायला दोनदा माणूस पाठवला होता. ती म्हणाली, "मी सांगितलं, पाय परत द्या, मग बिल्ला न्या."

एक वाजून वीस मिनिटांनी माझ्या नावाने कोड बदलून रस्त्याचा करण्यात आला. माझा पासवर्ड माझ्याशिवाय फक्त विभागप्रमुखांकडे असतो. एक ते एक पस्तीस मी वॉर्डात होते, तिथल्या भेटीच्या वहीत माझी सही आहे. तरी चुकीची नोंद केल्याची नोटीस मलाच मिळाली. कोड असाच राहिला तर अनोळखी गाडीच्या नावावर प्रकरण मिटेल. ती फोर्कलिफ्ट आजही चालू आहे आणि भोंगा बंदच आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मजकूर मी सांगितला तसाच आहे. फक्त वर विषयाच्या ओळीत हवालदारांनी सवयीने "रस्ता अपघात" लिहिले होते. ते मी खोडायला लावले, तिथे "कारखान्याच्या आवारात" असे लिहून घेतले, खोडलेल्या जागी सही केली आणि मगच इथे खाली सही करत आहे.